मटारांशेजारी बेअरिंग

फ्रीजरमध्ये सोललेले मटार, मटारांशेजारी
दुधाच्या रिकाम्या पिशवीत दोन बेअरिंगं.
वृंदा म्हणाली, पाहुण्यांनी पाहिलं तर काय सांगू?
सांग, आकसायला ठेवलीत.
लोखंड आकसतं?
केसाएवढं. तेवढं पुरतं.

जिवाजीगंज, मागची खोली, जानेवारी.
धुकं असं की समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नाही.
रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून परातीत डिझेल,
डिझेलमध्ये इंजिनाचे सुटे अवयव,
गजकेच्या डब्यात स्क्रू,
हातात माझाच जुना टूथब्रश.

नोव्हेंबरात ते बीहडात बंद पडलं.
कृत्तिकाने गाडी ढकलत सडकेला लावली,
कुण्या ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॉलीतून घरी आणली,
हेल्मेट न काढताच म्हणाली,
बाबा, तेल कमी पडलं माझ्याकडून. मिक्स चुकलं.
दुसऱ्या दिवशी भोपाळला, हॉस्टेलवर.
मी म्हणालो होतो, होतं असं.

टू-स्ट्रोकच्या पोटात काही लपत नाही.
तेल प्यायचं ते पेट्रोलबरोबरच, जाळायचंही तसंच,
आणि जे गिळलं ते अंगावर उमटतं.
तेल कमी पडतं तेव्हा पिस्टन चहूबाजूंनी ओरखडतो,
ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटून बसतं.
इथे तसं काही नव्हतं.
फक्त कार्ब्युरेटरकडची बाजू
करडी, गुळगुळीत, छाप पुसलेल्या नाण्यासारखी.
आणि क्रँककेसच्या तळाशी, काळ्या तेलात,
चिमूटभर पिवळी माती.
चिमटीत चोळून पाहिली.
बीहडाची माती. पिठाहून बारीक,
भाकरीत आली तर कचकचणारी.

फिल्टरच्या फोमला तेल लावणं माझ्याकडे असतं.
त्या शनिवारी धुतला, वाळवला,
मॅच शेवटच्या षटकात होती,
कोरडाच बसवला.
फिल्टर झाला? तिने दारातून विचारलं होतं.
झाला.

सिलिंडर घेऊन हजिऱ्याला गेलो, रामसेवक कुशवाहांकडे.
त्यांनी आत बोट फिरवलं, डोळे मिटून,
वैद्य नाडी बघतो तसं.
पच्चीस में साफ नहीं होगा, पचास लगेगा.
कुणी चलाई ऐसी?
मुलगी चालवते, म्हणालो.
खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं.

एक्झॉस्टच्या तोंडातला काजळीचा थर
बांबूच्या कामटीने खरवडला. पोलादाने चरे पडतात.
दुपार गेली. नखं अजून काळी आहेत,
बँकेत नोटा मोजताना मी मुठी मिटून घेतो.

रविवारी वृंदाच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये
क्रँककेस ठेवली, शंभर अंशांवर, अर्धा तास.
बाहेर काढली, थुंकीचा थेंब टाकला, चुरचुरला.
फ्रीजरमधून बेअरिंग आणलं, नुसतं वर धरलं
आणि सोडलं.
टप्प.
हातोडी नाही, जोर नाही,
आपल्या जागी जाऊन बसलं.
दुसरंही तसंच.
वृंदा दारात उभी होती. म्हणाली, परत कर बघू.
परत करता येत नाही, म्हणालो.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.
रिंगची टोकं खुंटीला धरून.
सर्क्लिप बसवताना खाली फडकं कोंबायचं,
ती एकदा आत पडली की सगळं पुन्हा उघडा.
एवढं सगळं मला येतं.

कृत्तिका शनिवारी आली, पाठीवर सॅक तशीच.
खिडकीत जुना पिस्टन ठेवला होता.
मुद्दाम ठेवला होता का, मलाही सांगता येणार नाही.
तिने उचलला, फिरवला,
करड्या बाजूवर अंगठा ठेवून
बराच वेळ उभी राहिली.
मी लिटरमागे तेहतीस मिली तेल
औषधाच्या मापाने मोजत होतो,
हात हलला, पस्तीस झालं.

फिल्टर झाला? ती म्हणाली.

दाखवतो, म्हणालो,
आणि सीट उघडायला
दहाचा पाना शोधू लागलो.